घरपट्टीचं बिल पोस्टाने आलंच नाही, मग शास्ती भरायची का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. फ्लॅट एका महापालिकेच्या हद्दीत, तुम्ही नोकरीमुळे दुसऱ्या शहरात, फ्लॅटला तीन वर्षं कुलूप, या काळात घरपट्टीचं एकही बिल हातात पडलं नाही आणि परवा शेजाऱ्याने फोटो पाठवला तर दारावर थेट मागणी नोटीस चिकटवलेली, त्यात मूळ कर आणि वर शास्तीचा, म्हणजे उशिराच्या दंडाचा, भला मोठा आकडा. तुमचं म्हणणं असं की बिल रजिस्टर पोस्टाने पाठवायचं महापालिकेवर बंधन आहे, ते पाठवलं नाही, म्हणजे कर पण लागू नाही आणि शास्ती तर नाहीच नाही.

मी एका महापालिकेच्या कर आकारणी खात्यात सत्तावीस वर्षं काढलीत, त्यातली सुरुवातीची बरीचशी खांद्याला पिशवी लावून बिलं वाटण्यात आणि शेवटची काही कोर्टात साहेबांच्या मागे फायली घेऊन उभं राहण्यात. त्यामुळे दोन्हीकडची बाजू बघितलीय. तुमचं निम्मं बरोबर आहे आणि निम्मं चूक आहे, आणि जे चूक आहे त्याच्यावर विसंबून बसलात तर खिशाला चाट बसेल.

आधी चुकीचं. कर बिलामुळे लागत नाही, कायद्यामुळे लागतो. मुंबई सोडून बाकी महापालिकांना लागू असलेला १९४९ चा अधिनियम आहे (आधी मुंबई प्रांतिक म्हणायचे, आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम), त्याच्या कराधान नियमांत सरळ लिहिलंय की मालमत्ता कर सहामाही हप्त्यांनी आगाऊ द्यायचा, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर या दोन तारखांना. म्हणजे १ एप्रिलची सकाळ उजाडली की देणं सुरू झालं, बिल छापलं असो नसो, पोस्टमन आला असो नसो. वर त्या कराचा मिळकतीवर बोजा असतो, सरकारी जमीन महसुलाच्या खालोखाल पहिला. त्यामुळे "बिल नाही तर कर नाही" हे वाक्य कुठल्याही ऑफिसात किंवा कोर्टात बोलू नका, समोरचा माणूस तिथेच ऐकायचं बंद करतो आणि मग तुमचा पुढचा बरोबर असलेला मुद्दा पण वाया जातो.

आता बरोबर निम्मं. बिल म्हणजे नुसतं आठवण करून देणारं पत्र नाही. त्याच नियमांत असंही आहे की कर देय झाला की आयुक्तांनी होता होईल तो उशीर न करता जबाबदार माणसाला बिल सादर करायचं, त्यात कुठल्या मिळकतीसाठी, कुठल्या काळासाठी, किती रक्कम, हे सगळं हवं. आणि वसुलीची सगळी शिडी या बिलाच्या पायरीवर उभी आहे: बिल, मग मुदत, मग मागणी नोटीस, मग परत मुदत, मग जप्तीचं वॉरंट. नगरपरिषदा नगरपंचायतींचा १९६५ चा कायदा बघितलात तर तिथेही हाच क्रम आहे, बिल दिल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर मागणी नोटीस काढायची. मुंबईचा १८८८ चा कायदा वेगळा, तिथे बिल मिळाल्यापासून ९० दिवस असतात आणि जप्तीच्या आधी २१ दिवसांची शेवटची नोटीस देतात. आकडे वेगळे पण शिडी तीच. खालची पायरीच नसेल तर वरच्या पायरीवर उभं राहून तुमच्या दाराला सील लावता येत नाही, निदान लावू नये. म्हणून "कर लागू आहे का" हा प्रश्नच सोडून द्या. विचारायचा प्रश्न एवढाच, की बिल बजावलं कधी, कसं, आणि पुरावा काय.

बजावलं हा शब्द लक्षात ठेवा. मिळालं आणि बजावलं यात फरक आहे आणि आमच्या खात्याचं अर्धं पोट त्या फरकावर चालतं. तुम्हाला कागद प्रत्यक्ष मिळाला नसेल तरी कायद्याच्या नजरेत तो बजावलेला असू शकतो. बजावणीचे प्रकार अधिनियमात एकाखाली एक दिलेत, सोप्या भाषेत सांगायचं तर पहिला प्रकार म्हणजे त्या माणसाच्या हातात द्या. तो सापडत नसेल तर शहरातल्या त्याच्या शेवटच्या माहीत असलेल्या राहत्या जागी ठेवा किंवा घरातल्या सज्ञान माणसाकडे, नोकराकडे द्या. तो शहरात राहतच नसेल आणि बाहेरगावचा पत्ता आयुक्तांना माहीत असेल तर त्या पत्त्यावर पोस्टाने पाठवा. आणि यातलं काहीच जमत नसेल तर मिळकतीच्या दर्शनी भागावर डकवा. म्हणजे तुम्ही म्हणता तसं "बिल रजिस्टर पोस्टानेच" असं बंधन नाहीये. पोस्ट हा त्यातला एक मार्ग आहे, पण तुमच्यासारख्या बाहेरगावी राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत नेमका तोच मार्ग लागू होतो, एका अटीवर, की पत्ता त्यांना माहीत पाहिजे. तुम्ही प्रश्नात एक गोष्ट लिहिलीच नाहीये, ती म्हणजे नोकरीच्या गावचा पत्ता तुम्ही कर खात्याला कधी लेखी कळवला होता का. कळवला असेल आणि त्याची शिक्का मारलेली पोच तुमच्याकडे असेल तर तुमची बाजू एकदम भक्कम, कारण पत्ता माहीत असताना थेट दारावर डकवणं म्हणजे मधली पायरी गाळणं. कळवला नसेल तर त्यांनी बंद फ्लॅटवर केलेली बजावणी बहुतेक टिकेल. अख्खं प्रकरण या एका कागदावर फिरतं म्हटलं तरी चालेल.

पोस्टाबद्दल एक गंमत सांगतो, जी खात्यातल्या नव्या पोरांना पण माहीत नसते. कराचं बिल किंवा मागणी नोटीस साध्या पोस्टाने पाठवायची खास सोय कायद्यात आहे, पण ती "सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग" खाली, म्हणजे पूर्वी यूपीसी म्हणायचे ते. पाकिटांची यादी करायची, पोस्टात न्यायची, तिथला बाबू यादीवर तिकिटं लावून घेऊन गोल शिक्के मारायचा, आणि ती शिक्केवाली यादी म्हणजे पुरावा. पाकीट टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी बिल बजावलं असं धरायचं, आणि सिद्ध काय करायचं तर पत्ता बरोबर होता आणि पाकीट त्या सर्टिफिकेटखाली पोस्टात पडलं, बस. स्वस्तातलं काम आणि हजारो बिलं एका दिवसात हातावेगळी. तर ती यूपीसी पोस्ट खात्याने २०११ मध्ये बंद करून टाकली (तिचा गैरवापर पण चिक्कार झाला होता, मागच्या तारखेचे शिक्के मारून मिळायचे अशी ओरड होतीच). म्हणजे कायदा ज्या कागदाच्या जोरावर "दुसऱ्या दिवशी बजावलं" असं धरायला सांगतो तो कागदच पोस्टात मिळेनासा झाला. तरीही मी कितीतरी फायलींमध्ये २०११ नंतरच्या नोंदी बघितल्यात, "यूपीसीने रवाना", कारण क्लार्क जुना नमुना बघून तसंच उतरवत बसलेला. अशी नोंद तुमच्या फायलीत सापडली तर सोडू नका.

आणि रजिस्टर पोस्ट एडीचं (पोचपावती परत येणाऱ्या पोस्टाचं) पण आता तसंच झालंय, २०२५ मध्ये देशातली रजिस्टर्ड पोस्ट सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झालीय. स्पीड पोस्टचा फायदा म्हणजे ट्रॅकिंग, तोटा म्हणजे ती माहिती वेबसाइटवर ठराविक काळच दिसते, त्यामुळे तीन वर्षांनी कोणी नुसता नंबर दाखवला तर त्याचा उपयोग नाही, त्यावेळी काढलेली प्रिंट पाहिजे.

पोस्टाने रीतसर पाठवलेल्या कागदाबद्दल कायद्यात गृहीतक आहे, १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये कलम २७ आणि राज्याच्या कायद्यांसाठी तसाच राज्याचा वेगळा कायदा. पत्ता बरोबर, तिकीट पुरेसं, रजिस्टरने टाकलं, की नेहमीच्या वेळेत पोचलं असं धरतात, उलट सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. चेक बाऊन्सच्या नोटिशींमुळे हे बऱ्याच लोकांना माहीत झालंय. पण मग परत आलेल्या पाकिटाचं काय? तिथे पोस्टमनचा शेरा बघायचा. "रिफ्युज्ड" म्हणजे तुम्ही घ्यायला नकार दिला, बजावणी झाली, संपला विषय. "अनक्लेम्ड", "इंटिमेशन दिली" म्हणजे चिठ्ठी टाकून पण तुम्ही घ्यायला गेला नाहीत, हे पण बहुतेक वेळा तुमच्यावरच शेकतं. "डोअर लॉक्ड" हा वादाचा. पण "लेफ्ट" (जागा सोडून गेला), "इनसफिशियंट ॲड्रेस" (पत्ता अपुरा), "नो सच पर्सन" (असा माणूस इथे नाही) असे शेरे आले तर पत्ता बरोबर होता हा पायाच जातो आणि गृहीतक पण जातं. आमच्या ऑफिसात जिन्याखाली एक पत्र्याचं कपाट होतं, परत आलेली पाकिटं त्यात कोंबायची, दरवाजा उघडला की पायावर धबधबा. एकदा ऑडिटला ते कपाट उघडायला लागलं, तर त्यात एकाच माणसाच्या नावाची सहा वर्षांची बारा पाकिटं, प्रत्येकावर त्याच पोस्टमनच्या हस्ताक्षरात "मयत", आणि रजिस्टरला मात्र बाराही वेळा "बजावले" असं लिहिलेलं. मेलेल्या माणसाला बिल बजावता येत नाही हे पोस्टमनला कळलं होतं, आम्हाला नाही.

आता बिलं खरोखर वाटतात कशी ते पण ऐका, कारण कायदा एक सांगतो आणि एप्रिल-मे मध्ये रस्त्यावर वेगळंच चालतं. एका निरीक्षकाकडे काही हजार मिळकती, हाताखाली दोन शिपाई, त्यातला एक इलेक्शन ड्यूटीवर. काही महापालिका एजन्सीला काम देतात, पिंपरी-चिंचवडला महिला बचत गटांच्या बायका घरोघर जाऊन बिलं देतात आणि ते काम खरंच बरं झालं. पण जिथे माणूस कमी तिथे काय होतं, तर मी स्वतः केलंय म्हणून सांगतो, सोसायटीच्या गेटवर जायचं, वॉचमनकडे चौऱ्याऐंशी बिलांचा गठ्ठा द्यायचा, वहीत एक सही घ्यायची आणि पुढच्या सोसायटीला. वॉचमन ते जिन्याखालच्या पत्रपेट्यांमध्ये सारतो, ज्यांच्या पेटीला झाकण नाही त्यांची पावसाळ्यात लगदा होतात, बंद फ्लॅटच्या पेटीत पिझ्झाच्या जाहिराती आणि केबलची बिलं यांच्या मधे ते तीन तीन वर्षं पडून राहतं. वहीत मात्र चौऱ्याऐंशी बिलांपुढे एकच आडवी रेघ आणि वॉचमनची सही. सोसायटीचा वॉचमन हा तुमचा नोकर नाही, तुमच्या घरातला सज्ञान माणूस तर नाहीच. या सहीवर कोणी तुमच्याविरुद्ध बजावणी सिद्ध करू बघत असेल तर ती कच्ची आहे, हे मी खात्यात असताना बोललो असतो तर साहेबांनी मला जन्म-मृत्यू विभागात पाठवलं असतं.

डकवण्याचा प्रकार तर अजून मजेशीर. डकवताना पंचनामा लागतो, दोन पंच, तारीख, वेळ, कुठे डकवली, आणि आजकाल फोटो. माझी एक फजिती सांगतो. थकबाकीदाराची मिळकत होती मोकळा प्लॉट, चारही बाजूंनी तारेचं कुंपण, आत बाभळी. आम्ही मार्चअखेरच्या गडबडीत छापील पंचनामे भरत सुटलेलो, छापील मजकुरात "सदर मिळकतीच्या मुख्य दरवाजावर नोटीस डकवली" असं आधीच असायचं, खाली फक्त नावं टाकायची. कोर्टात त्यांच्या वकिलांनी मला पिंजऱ्यात शांतपणे विचारलं, दरवाजा कुठल्या लाकडाचा होता? मी काय बोलणार. आणि दोन्ही पंच म्हणजे आमच्याच खात्यातले शिपाई निघाले. त्या दिवसापासून मी कुठलाही पंचनामा वाचताना आधी छापील ओळ वाचतो, मग मिळकत बघतो. तुम्ही पण तेच करा, पंचनाम्याची नक्कल मागा आणि फोटोतलं दार तुमचंच आहे का, पाटीवरचं नाव दिसतंय का ते बघा. विंग ए चा कागद विंग बी ला लागल्याचे प्रकार कमी नाहीत.

अजून एक कागद आहे जो लोक बिलात धरतात पण तो बिल नाही, आणि माझ्या मते तुमच्यासाठी तोच जास्त महत्त्वाचा असू शकतो. तुमच्या नोटिशीत वर्षाचा कर आधीपेक्षा वाढलेला दिसतोय का ते तपासा. मिळकतीची पहिल्यांदा आकारणी होते किंवा करपात्र मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर कर काढतात ती, वाढवतात तेव्हा नुसतं बिल पाठवून चालत नाही, विशेष नोटीस द्यावी लागते, तुम्हाला मुदतीत हरकत घ्यायची संधी द्यावी लागते, हरकत घेतली तर सुनावणी घ्यावी लागते. बिल न पोचणं ही वसुलीतली खोट, पण विशेष नोटीस न पोचणं ही आकारणीतलीच खोट, तिच्यामुळे वाढीव आकडाच डळमळतो. बंद फ्लॅट म्हणून कुणीतरी "भाड्याने दिलाय" असं सर्व्हेत टाकून दर वाढवलाय आणि तुम्हाला पत्ताच नाही, असं होतं बऱ्याचदा. तसं काही असेल तर शास्तीच्या आधी तो धागा ओढा.

आता शास्ती. दरमहा दोन टक्के, सरळ हिशोबाने. समजा वर्षाचा कर १४,६०० आहे, म्हणजे सहामाहीचे ७,३००, त्यावर महिन्याला १४६ रुपये. चोवीस महिने थकलं तर त्या एका हप्त्यावर ३,५०४. तीन वर्षांचे सहा हप्ते, प्रत्येकाचं मीटर वेगळ्या दिवशी सुरू झालेलं. बहुतेक महापालिकांत पहिल्या सहामाहीवर जुलैपासून आणि दुसरीवर जानेवारीपासून शास्ती लागलेली दिसते. त्यांच्याकडून हप्तावार तक्ता मागा आणि स्वतः बसून हिशोब करा, कॉम्प्युटर शास्तीवर शास्ती लावतो किंवा आधी भरलेले पैसे चुकीच्या वर्षाला टाकतो हे मी शेकड्याने बघितलंय. बिलाचा मुद्दा इथे कामी येतो, कारण नियमात ही शास्ती बजावलेल्या बिलाचे पैसे न भरण्याबद्दल आहे, नुसता कर देय असण्याबद्दल नाही. म्हणजे ज्या वर्षांचं बिल बजावल्याचा पुरावा ते दाखवू शकत नाहीत त्या वर्षांच्या शास्तीवर तुम्ही हरकत घेऊ शकता आणि ती हरकत पोरकट नाही. फक्त खालच्या पातळीवर ती लगेच मान्य होईल अशी आशा नको. निरीक्षकाच्या हातात शास्ती माफ करायचं काहीच नसतं, तो फार तर वर लिहू शकतो. तो म्हणेल वेबसाइटवर बिल होतं, पेपरात जाहीर निवेदन होतं, एसएमएस गेला होता. जाहीर निवेदनाने "कर भरा" हे सगळ्या गावाला कळतं, पण तुमचं बिल तुमच्यावर बजावलं जात नाही, हे शांतपणे लेखी मांडा. सवलतीचं मात्र विसरा, पुण्यात ठराविक तारखेपर्यंत भरलं की सर्वसाधारण करात पाच-दहा टक्के सूट असते तशा योजना ठिकठिकाणी असतात, ती तारीख गेली की बिल मिळालं नाही म्हणून सूट परत मिळवलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

नाव कुणाचं आहे हे पण बघा. फ्लॅट रिसेलचा असेल आणि तुम्ही खरेदीखतानंतर कर खात्यात हस्तांतरणाची नोंद केली नसेल तर बिलं आधीच्या मालकाच्या नावाने निघत असणार. नियमाप्रमाणे ही सूचना तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, आणि ती देईपर्यंत विकणाऱ्याची जबाबदारी पण सुटत नाही. सोसायटीत शेअर सर्टिफिकेट झालं, लाइट बिल नावावर झालं, म्हणजे घरपट्टीला आपोआप झालं असं लोकांना वाटतं, तसं नसतं. वडिलोपार्जित घरात तर अजून आजोबांच्या नावाने बिल येत असतं आणि चारही भावांना वाटतं दुसरा भरतोय.

मी तुमच्या जागी असतो तर पहिल्याच आठवड्यात मूळ कर भरून टाकला असता, तिन्ही वर्षांचा. का, तर मीटर थांबतं. पोर्टल अर्धवट रक्कम घेत नसेल तर सुविधा केंद्रात चेक द्या आणि सोबत पत्र जोडा की ही रक्कम अमुक अमुक वर्षांच्या मूळ करापोटी आहे, शास्तीबाबत हरकत राखून भरतोय. पत्र नसेल तर ते पैसे आधी शास्तीत जिरवून मूळ थकबाकी तशीच ठेवतील. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, शिक्का मारणारा जेवायला गेला असेल तर बसून राहा. मग माहिती अधिकारात, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, तीन गोष्टी मागा: प्रत्येक वर्षाच्या बिलाची बजावणी कोणत्या तारखेला कुठल्या प्रकारे केली त्याच्या नोंदीची नक्कल, पोस्टाने पाठवलं असेल तर जावक नोंदवहीचं पान आणि पोस्टाची पावती, डकवलं असेल तर पंचनामा आणि फोटो. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "माहिती उपलब्ध नाही" असं लेखी उत्तर आलं तर ते फ्रेम करून ठेवा, तुमच्या हरकतीला त्याहून चांगला पुरावा नाही.

कोर्टात अपील करायचं असेल तर त्याच १९४९ च्या अधिनियमाचं कलम ४०६ आहे, पण त्याची मुदत फक्त पंधरा दिवस, आणि करावर अपील असेल तर मागितलेली रक्कम आधी महापालिकेकडे भरलेली लागते. पंधरा दिवस कधीपासून मोजायचे यावर वकील मंडळी भांडतात, तुम्ही धोका पत्करू नका, नोटीस चिकटवल्याच्या तारखेपासून मोजा आणि आज कुठला दिवस चाललाय ते बघा. रक्कम लहान असेल तर माझा प्रामाणिक सल्ला, वकिलाची फी आणि शास्ती शेजारी शेजारी मांडून बघा. अधूनमधून अभय योजना येतात, त्यात शास्तीतली मोठी टक्केवारी माफ होते, पण त्या कधी येतील यावर भरवसा ठेवून थांबणं म्हणजे पाऊस पडेल म्हणून नळाचं पाणी न भरणं.

आणि आजच पत्त्याचा अर्ज करा. मिळकत क्रमांक, सध्याचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट, मोबाइल, ईमेल, आणि एक वाक्य की यापुढची सगळी बिलं आणि नोटिसा या पत्त्यावर पोस्टाने पाठवाव्यात. स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचल्याची ट्रॅकिंगची प्रिंट त्याच दिवशी काढून ठेवा. मोबाइल नंबर नोंदवला की एसएमएस येतील, त्यातल्या लिंकवर मात्र पैसे भरू नका, महापालिकेच्या साइटवर स्वतः जाऊन मिळकत क्रमांक टाका, घरपट्टीच्या नावाने खोट्या लिंका फिरतात. आणि हो, शेजाऱ्याला सांगा दारावरची नोटीस फाडू नको, वरची तारीख आणि खालची सही नीट दिसेल असा अजून एक फोटो काढ, आधीच्या फोटोत कोपरा दुमडलाय असं तुम्हीच लिहिलंय आणि तारीख नेमकी त्या कोपऱ्यात असते.